राख, बिबट्या आणि शेकरू : पाहुणे किती बोलवायचे?



पत्रिकेत आजच्या व्याख्यानाचा विषय ‘शाश्वत पर्यटन आणि निसर्गसंवर्धन’ असा छापलाय. नाव जरा जड आहे, पण प्रश्न घरगुती आहे. घरी पाहुणे येणार म्हटलं की आपण काय बघतो? अंथरुणं किती आहेत, पाणी पुरेल का, घरात कुणी आजारी किंवा बाळंतीण तर नाही ना. ते बघून मग म्हणतो, या. गावाचं आणि जंगलाचंही तसंच असतं. अडचण एवढीच की तिथे आजारी कोण आणि बाळंतीण कोण हे चटकन दिसत नाही. आज आपण ते शोधणार आहोत.

जे हे नंतर वाचणार आहेत त्यांच्यासाठी आधी जागा सांगतो. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव आणि आळेफाटा लागतो. तिथून पूर्वेकडे कुकडी नदीच्या काठाने गेलं की बोरी बुद्रुक येतं. हा जुन्नर तालुका. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माळशेज, सगळं याच तालुक्यात. २०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. दक्षिणेला लागून आंबेगाव तालुका, आणि त्याच्या पश्चिम टोकाला भीमाशंकरचं अभयारण्य.

पर्यटन तालुका जाहीर झाला तेव्हापासून गावोगावी एक प्रश्न विचारला जातो: आमच्याकडे कधी येणार पर्यटक? हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. टोमॅटोला आज भाव असतो, उद्या तो रस्त्यावर ओतावा लागतो. जमिनीचे तुकडे पडत चाललेत. घरातल्या तरुण मुलाला गावातच चार पैसे मिळाले तर कुणाला नको आहेत? तेव्हा ‘पर्यटन नकोच’ असं म्हणणं सोपं आहे, पण ते शहरात पगार घेणाऱ्या माणसाला सोपं आहे.

म्हणून आम्ही प्रश्न थोडा फिरवून विचारतो. पर्यटक किती, हे नंतर. आधी हे विचारू: माणसं जे बघायला येणार, त्याला इजा झाली तर ते भरून येतं का? आणि येत असेल तर किती दिवसांत? जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात याची तीन अगदी वेगळी उत्तरं मिळतात. एक वस्तू कधीच भरून येत नाही. दुसरी आपल्या कुंपणात राहतच नाही. तिसरी भरून येते, पण आपल्या नातवंडांच्या वेगाने. तिघांना एकच पर्यटन धोरण लावलं की घोटाळा होतो.

पहिली वस्तू : बोरीची राख

कुकडीच्या काठावर, ओघळींनी कापलेल्या मातीत, एक पांढुरका-करडा थर दिसतो. आजूबाजूच्या पिवळसर गाळाच्या मातीत तो वेगळा ओळखू येतो. बोटांवर घेतला तर पिठासारखा बारीक, पण किंचित खरखरीत. सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर काचेचे वाकडेतिकडे कपचे दिसतात, फुटलेल्या बुडबुड्याच्या भिंतीसारखे. ही ज्वालामुखीची राख आहे.

आता कुणी म्हणेल, सह्याद्री ज्वालामुखीचाच आहे, त्यात काय नवल? नवल असं की सह्याद्रीचा काळा बसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि ही राख त्याची नाहीच. ही राख इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. तिथून इथपर्यंत सरळ रेषेत तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. टोबाचा सर्वांत मोठा उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला. त्यात सुमारे २,८०० घन किलोमीटर खडक-राख बाहेर पडली असं मानतात. आज तिथे शंभर किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. उद्रेकाने पडलेल्या खड्ड्यात साठलेलं पाणी ते.

१९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी बोरीचा अभ्यास सुरू केला. शरद राजगुरू, रवी कोरीसेट्टर, शीला मिश्रा ही त्यातली जाणती नावं. राख तर सापडलीच, पण त्याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली. हातकुऱ्हाडी, फरश्या, म्हणजे अश्युलियन पद्धतीची हत्यारं. आणि इथून खरा पेच सुरू झाला. हत्यारावर तारीख नसते, राखेचं वय मात्र काढता येतं. म्हणजे राखेचं वय कळलं की कुकडीकाठच्या त्या माणसाच्या वयाचा अंदाज येतो.

मग राखेचं वय किती? एका मोजणीत सुमारे १४ लाख वर्षं आलं. दुसरीत सुमारे पावणेसात लाख. काहींनी राखेची रासायनिक ठेवण टोबाच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या राखेशी जुळवून दाखवली. टोबाचे त्याआधीचेही उद्रेक आहेत, त्यातल्या सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशीही नातं लावलं गेलं. एवढा फरक का पडतो, ते नीट लक्षात घ्या, कारण आपला पर्यटनाचा नियम यातूनच निघणार आहे.

राख आकाशातून पडली, मग पावसाने वाहिली, नदीने तिला इकडून तिकडे नेलं. त्या प्रवासात तिच्यात आपल्या बसाल्टचे जुने कण मिसळले. नमुन्यात असे चार जुने कण जरी आले तरी वय फुगतं. म्हणून संशोधकाला असा थर लागतो जो हललेला नाही, ज्याचा खालचा आणि वरचा सांधा शाबूत आहे. हत्यार कुठल्या बाजूला होतं, थराच्या वर, खाली की आत, हे त्या सांध्यावरूनच कळतं. म्हणजे इथली मौल्यवान वस्तू मूठभर राख नाही, ती जिथे जशी पडून आहे ती जागा मौल्यवान आहे. कुणी हौसेने मूठभर राख पिशवीत भरून नेली, तर त्याच्या हाती पांढरी पूड राहते आणि मागे थराला एक भोक पडतं. कुणी हत्यार उचलून घरच्या कपाटात ठेवलं, तर तो नुसता दगड होतो.

हे नुकसान भरून येत नाही. झाड पुन्हा लावता येतं. राखेचा थर पुन्हा पाडायला टोबाच पेटावा लागेल.

आणि पर्यटक येण्याआधीचे धोके आहेतच. कुकडीचा पूर काठ कापतो. जमीन सपाट करायला जेसीबी लागतो. नदीपात्रातून वाळू उपसली जाते. वाघ-बिबट्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. भूवारशासाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा मांडला, पण अशा थरांना वन्यजीव कायद्यासारखं कवच आजही नाही. थोडक्यात, इथे संरक्षण करायला गावाशिवाय दुसरं कुणी नाही. म्हणूनच बोरीला थोडं पर्यटन हवं असं आम्हाला वाटतं. ज्या वस्तूची गावाला किंमत कळते, ती वस्तू जेसीबीच्या दातातून वाचते.

एक गोष्ट सांगून पुढे जातो. टोबाच्या सरोवराला २०२० मध्ये युनेस्कोने जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला. २०२३ मध्ये युनेस्कोनेच ‘यलो कार्ड’ दाखवलं, कारण दर्जा टिकवण्यासाठी जी कामं करायची होती ती पुरेशी झाली नव्हती. पाटी मिळवणं आणि जागा सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. भारतात तर अजून असं एकही भूउद्यान नाही.

दुसरी वस्तू : उसातला बिबट्या

आता त्याच कुकडीच्या पाण्याबरोबर पुढे जाऊ. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावचं डिंभे, ही कुकडी प्रकल्पाची धरणं. धरणांनी कालवे दिले, कालव्यांनी ऊस दिला. ऊस म्हणजे बिबट्याच्या नजरेने काय? वर्षभर उभं असलेलं दाट गवत, आत गारवा, जवळ पाणी, आणि बांधापलीकडे कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्या इथे चुकून आलेला नाही. त्याच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या. ऊसतोडणीच्या वेळी पिल्लं सापडतात ती म्हणूनच. अशी पिल्लं वन विभागाचे लोक आणि पशुवैद्य त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, आणि बहुतेक वेळा रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाते.

डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरच्या शेजारच्या अकोले तालुक्यात शेतीच्या मुलखात कॅमेरे लावले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबटे निघाले. तेही चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा मुलखात.

त्यांचाच दुसरा अभ्यास जुन्नरचा आहे आणि तो आपल्या आजच्या विषयाचा कणा आहे. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर परिसरात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. फेब्रुवारी २००१ पासून शेतातले बिबटे पकडून जंगलात नेऊन सोडण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. हेतू चांगला होता. त्यानंतर हल्ल्यांची सरासरी वर्षाला सतरावर गेली, आणि जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुपटीच्या घरात गेलं. का? ठरलेल्या मुलखातला नर हलवला की ती जागा रिकामी राहत नाही, नवखे बिबटे ती भरतात. आणि ज्याला नेऊन सोडलं तो तिथे थांबत नाही. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं होतं. तो शंभर किलोमीटरहून जास्त चालत थेट मुंबईजवळ पोचला. ‘आजोबा’ नावाचा मराठी सिनेमा त्याच्यावरच आला.

आता पर्यटनाकडे येऊ. जुन्नर तालुक्यात आंबेगव्हाण इथे बिबट सफारी व्हावी ही मागणी गेली काही वर्षं जोरात आहे, सरकारी घोषणाही झाल्या. लोक विचारतात, सफारी झाली की बिबट्याचा त्रास कमी होईल ना?

इथे एका शब्दाने फसगत होते. ताडोब्यात ‘सफारी’ म्हणजे वाघ मोकळा आणि आपण गाडीत. आंबेगव्हाणची कल्पना आहे ती कुंपणातली सफारी, म्हणजे एक मोठं मोकळं प्राणिसंग्रहालय. तिथे ठेवता येतील ते माणिकडोहच्या निवारा केंद्रात असलेले, पुन्हा बाहेर सोडता न येणारे बिबटे. त्यांना मोठी जागा मिळाली, लोकांना बघायला मिळालं, रोजगार आला, तर चांगलंच आहे. पण त्याने उसातला एकही बिबट्या कमी होत नाही. आणि उद्या सफारी भरायची म्हणून शेतातले बिबटे उचलायला लागलो, तर २००१ चा धडा आपण पैसे मोजून पुन्हा गिरवू.

हे आम्ही थंडपणे बोलतोय असं वाटू देऊ नका. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आसपास बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसं गेली, त्यात दोन मुलं होती. लोकांनी महामार्ग अडवला. ज्या घरातलं मूल गेलं त्या घरासमोर उभं राहून ‘बिबट्या हे आमचं पर्यटनाचं वैभव’ असं कुणालाही म्हणता येणार नाही, म्हणूही नये. म्हणून आमचं म्हणणं असं: बिबट्याच्या नावाने तिकिटाचा पैसा येणारच असेल, तर त्यातला पहिला वाटा उसाच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या सुरक्षेला जावा. बंदिस्त गोठे, वस्तीवर दिवे, घराबाहेर न जावं लागणारं शौचालय, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांना आडोसा, दिवसा थ्री-फेज वीज म्हणजे रात्री पाणी धरायला जावं लागणार नाही. हा खर्च सफारीच्या आराखड्यातच धरला पाहिजे, नंतर आठवला तर द्यायचा असा नाही.

आणि मोकळ्या बिबट्याचं पर्यटन? रात्री बॅटऱ्या घेऊन उसाच्या कडेने ‘बिबट्या दाखवतो’ म्हणून गाड्या फिरवणं? ते शून्य. तिथे धारणक्षमता मोजायची गरजच नाही.

तिसरी वस्तू : शेकरूचं रान

आता पश्चिमेला, घाटमाथ्यावर जाऊ. मंचर, घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरला. हे अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र साधारण १३१ चौरस किलोमीटर. ज्योतिर्लिंग, भीमेचा उगम आणि आपला राज्यप्राणी शेकरू, तिन्ही इथे.

शेकरू जमिनीवर क्वचित उतरतो. त्याचं घर उंच झाडाच्या बेचक्यात आणि त्याचा रस्ता फांदीवरून फांदीवर. म्हणजे आपण डांबरी रस्ता दोन्ही बाजूंनी थोडा रुंद केला, तर आपल्याला तीन मीटर जागा मिळते आणि शेकरूचा पूल तुटतो. एकही झाड ‘फार’ तोडलं नाही असं आपण म्हणतो, पण वरचं छत फाटलेलं असतं. ते पुन्हा जुळायला झाडं वाढावी लागतात, आणि घाटमाथ्यावरच्या जांभूळ-अंजनीला घाई नसते.

भीमाशंकरचा पेच वेगळा आहे. इथे पर्यटकाच्या आधी भाविक आहे. श्रावणात, महाशिवरात्रीला येणाऱ्या माणसाला ‘आज कोटा संपला’ असं कोण सांगणार? सांगूही नये. तिथे माणसं मोजण्यापेक्षा गाड्या मोजणं शहाणपणाचं. गर्दीच्या दिवसांत खासगी गाड्या अलीकडे थांबवून पुढे एसटीने भाविकांना नेण्याची पद्धत आहे. ती श्रावणापुरती न ठेवता प्रत्येक शनिवार-रविवारी चालवली, तर रस्ता रुंद करायची निम्मी निकड जाते. देवदर्शनाला माणूस जाऊ शकतो, त्याची गाडी गेलीच पाहिजे असं काही नाही.

दुसरी बाजू न्यायाची आहे. या रानात महादेव कोळी समाज पिढ्यानपिढ्या राहतो. बाळहिरडा गोळा करून विकणं हे त्यांचं हक्काचं उत्पन्न. त्यांनी देवराया राखल्या. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, हा नियम कुठल्या खात्याने केला नव्हता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून हे जगापुढे मांडलं. आता अभयारण्य झालं की हिरडा गोळा करणाऱ्या बाईला अडवायचं आणि वाहनतळाला मात्र जागा काढायची, हे संवर्धन कसलं? २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपलं सामूहिक वन राखण्याचा हक्क दिला आहे. पर्यटनाची परवानगी, रक्कम आणि मर्यादा ठरवताना ती ग्रामसभा बैठकीत बसली पाहिजे, तीही मत देण्याच्या जागेवर.

राष्ट्रीय उद्यानांत हे सगळं अधिक कडक असतं. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत, त्यातलं ताडोबा सर्वांत जुनं, १९५५ चं. राष्ट्रीय उद्यानात चराई चालत नाही, अभयारण्यात काही हक्क राहू शकतात. २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं ते नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह: गाभ्याचा वीस टक्क्यांहून जास्त भाग पर्यटनाला उघडायचा नाही. हा वीसचा आकडा बरोबर की चूक यावर वाद घाला. पण आकडा लिहिलेला आहे आणि गेटवर गाड्या मोजल्या जातात, हे महत्त्वाचं. आपल्याकडच्या बहुतेक ठिकाणी मोजणीच नाही.

मग आकडा काढायचा कसा?

चला, बोरीचं एक गणित फळ्यावर करू. आकडे आम्ही उदाहरणासाठी धरतोय, मोजलेले नाहीत. गावाने टेप घेऊन खरे भरावेत.

समजा थर दिसतो तो उघडा काठ वीस मीटर लांब आहे. एका माणसाला एक मीटर, म्हणजे एका वेळी वीस जण. एक फेरी अर्ध्या तासाची, दिवस आठ तासांचा. सोळा फेऱ्या गुणिले वीस, झाले ३२०. सरकारी आराखड्यात बऱ्याचदा इथेच गणित थांबतं.

आता वजाबाकी सुरू करा. पावसाळ्यात काठ ओला आणि ठिसूळ, पायाखाली ढासळतो, तेव्हा ते चार महिने बंद. उन्हाळ्यात दुपारी कुणी उभं राहू शकत नाही, म्हणून फेऱ्या सकाळी दोन, संध्याकाळी दोन. माहिती देणारा एक माणूस एका वेळी फार तर पंधरा जणांच्या हातांवर लक्ष ठेवू शकतो, सोळाव्याने मूठ भरली तर त्याला दिसत नाही. चार गुणिले पंधरा, साठ. मग शौचालय किती? गाड्या उभ्या कुठे राहणार, कुणाच्या शेतात? पाण्याचा टँकर लागणार का? या प्रत्येक प्रश्नाचा वेगळा आकडा येतो आणि त्यातला सर्वांत लहान आकडा हीच जागेची धारणक्षमता. ३२० वरून आपण ६० वर आलो, कदाचित आणखी खाली जाऊ.

मग रविवारी तीनशे आले तर उरलेल्या २४० जणांना परत पाठवायचं? नाही. मातीच्या थराचा ठसा घेता येतो. चिकट द्रव्य लावून कापडावर त्या थराचा पातळ पापुद्रा उचलतात, अगदी जसाच्या तसा. तज्ज्ञांकडून, परवानगीने, एकदाच असा ठसा घ्यायचा आणि गावात एका खोलीत लावायचा. बाजूला शाळेचा सूक्ष्मदर्शक, त्यात राखेचे काचकण. माणसाला हात लावून बघायचं असतं, तर या ठशाला लावू दे. काठावर साठच जातील, खोलीत तीनशे येऊ देत.

हे अशक्य वाटत असेल तर जवळच्या खोडदला बघा. तिथली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण. आकाशातून येणारा अत्यंत क्षीण रेडिओ संदेश ती टिपते, म्हणून मोबाइलसारख्या उपकरणांचा गोंगाट तिला चालत नाही. तरी दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांसाठी खुली होते आणि शाळकरी पोरं झुंडीने येतात. दुर्बिणीला काय सोसत नाही ते आधी ठरलं, पाहुण्यांचे दिवस मग ठरले. आपल्याच शेजारी हा नमुना उभा आहे.

पैसा कुठे थांबतो?

शेवटचा मुद्दा, थोडक्यात. पुण्याहून निघालेली गाडी वाटेत हायवेवर जेवते, पाण्याच्या बाटल्या डिकीत घेऊन येते, काठावर फोटो काढते आणि रिकाम्या बाटल्या ठेवून जाते. गावाला मिळालं काय? बाटल्या. अशा शंभर गाड्यांपेक्षा एक एसटीभर विद्यार्थी बरे, जे माहिती सांगणाऱ्याला पैसे देतात आणि गावातल्या बायकांनी केलेली भाकरी-पिठलं खातात. पर्यटन वाढलं की नाही ते डोकी मोजून कळत नाही. एका माणसामागे गावात किती रुपये राहिले आणि किती कचरा राहिला, हे दोन आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर महिन्याला लिहा.

प्रश्नोत्तरे

*श्रोत्यांतून एक शेतकरी काका : राख आमच्या बांधाला लागून असेल, तर आम्ही जमीन सपाट करायची नाही का? आमचं नुकसान कोण भरणार?*

काका, अगदी बरोबर विचारलंत. जगासाठी तुम्ही बांध राखायचा आणि जगाने फोटो काढून निघून जायचं, हे चालणार नाही. जो थर राखेल त्याचा तिकिटात वाटा, आणि तो ग्रामसभेत लेखी ठरलेला. जमीन तुमचीच राहील, तेवढा काठ न हलवण्याचा करार असेल. पैसे येण्याच्या आधी करार करा. पैसे आल्यावर भावकी आठवते.

*एक तरुण : सर, आम्ही रील टाकतो त्यानेच तर गाव माहीत होतं. मग टाकायची की नाही?*

टाका ना. पण रीलमध्ये नेमकं लोकेशन देऊ नका, गावातल्या खोलीचा पत्ता द्या. आणि राख हातात घेऊन उडवताना दाखवू नका, कारण बघणारा इथे येऊन तेच करणार. बिबट्याची पिल्लं उसात सापडली तर मात्र व्हिडिओ नाही, गर्दी नाही. आधी वन विभागाला फोन, आणि मग तिथून लांब. पिल्लांभोवती माणसं जमली की मादी जवळच असते, हे विसरू नका.

मंडळी, वेळ झाली. घरी जाताना एवढंच काम करा. आपल्या गावात लोक जे बघायला येतात किंवा यावेत असं वाटतं, त्याचं नाव एका कागदावर लिहा. समोर लिहा, इजा झाली तर हे किती वर्षांत भरून येईल. उत्तर ‘कधीच नाही’ असं आलं, तर तिथे आधी राखण आणि मग तिकीट. पुढच्या ग्रामसभेत तो कागद घेऊन जा.